क्रेप बँडेज आणि दाबाचे मोजे: फिरायला जाताना नेमकं काय न्यायचं?

पौर्णिमेच्या आधीचे चार-पाच दिवस आमच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "दहा सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज द्या, गिरनारला चाललोय." मे महिन्यात यात हंपीवाले, राजस्थानवाले आणि पोराबाळांसह कोकणात उतरणारे मिसळतात. नौपाड्यातल्या या सर्जिकल सामानाच्या दुकानात मी लग्न होऊन आले तेव्हापासून बसते आहे. बँडेज कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मागच्या वेळी पाय सुजले होते हो ताई, म्हणून या वेळी आधीच बांधून जाणार."

हे बँडेज त्या सुजेसाठी नाही, तिच्यासाठी दाबाचे मोजे असतात. मी रोज चार जणांना हे सांगते, आणि रोज चार जण बँडेजच घेऊन जातात. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

क्रेप बँडेज तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार बोलायला नको. पाय मुरगळला, घोटा एका बाजूने टम्म फुगला, हात लावू देत नाही, अशा वेळी आठच्या आकड्यासारखं गुंडाळायचं. सांध्याची हालचाल आवरते, आधार मिळतो, दुखऱ्या जागेची सूज पसरत नाही. हे काम ते चोख करतं. प्रवासाच्या बॅगेत एक असावंच.

उन्हातल्या सहलीत येणारी सूज मात्र वेगळी. ती दोन्ही पायांना सारखी येते आणि दुखत नाही, फक्त पाय जड होतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. घोट्याच्या वर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरलं तर बोट काढल्यावर खळगा राहतो आणि हळूहळू भरतो. इथे काही मुरगळलेलं नसतं, त्यामुळे सांध्याला आधार देऊन काही होत नाही. अडचण शिरांमधल्या रक्ताची असते.

पायातून हृदयाकडे परत जाणारं रक्त वर चढवायचं काम बरंचसं पोटरी करते. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात, रक्त वर जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं तर घोट्याच्या शिरेत सुमारे 80 ते 90 एमएमएचजी दाब असतो. चालायला लागलं की तोच 30 च्या खाली येतो. (एमएमएचजी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी मोजतात तेच माप.) आता यात ऊन घाला. अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल करतं. रक्त पायात जास्त साठतं, बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याभोवती जमतं. म्हणूनच पायऱ्या चढताना जेवढी सूज येत नाही, तेवढी चढून-उतरून झाल्यावर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बसलं की येते. गिरनारच्या जवळजवळ दहा हजार पायऱ्यांना लोक दोष देतात. माझ्या मते जुनागढहून सोमनाथपर्यंतच्या सुमारे 95 किलोमीटरच्या बसला तो जास्त द्यावा.

आता खरी गोम. दाब बँडेजचाही असतो आणि दाबाच्या मोज्यांचाही, मग फरक कुठे? दाब कुठे जास्त आणि कुठे कमी, यात.

लहानपणी आपण प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची पेप्सी खायचो, ती आठवा. बर्फ वर आणायचा तर नळी तळाशी दाबायची आणि बोटं वर सरकवत न्यायची. तोंडाशीच घट्ट धरली तर काहीच वर येत नाही, तळाला नळी फुगते. पायाचं गणितही असंच आहे. दाब घोट्याला सगळ्यात जास्त हवा, पोटरीला त्याहून कमी, गुडघ्याखाली सगळ्यात कमी. दाबाचे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, ज्यांना आमच्याकडे सगळे "व्हेरिकोजचे मोजे" म्हणतात, ते असेच विणलेले असतात. हा उतरता दाब कारखान्यात विणतानाच ठरतो. घालणाऱ्याच्या हातावर तो अवलंबून नसतो.

ही कल्पना ज्याला सुचली तो कॉनराड जॉब्स्ट हा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला इंजिनियर. त्याच्या स्वतःच्या पायांच्या शिरा बिघडलेल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त आणि वर येताना कमी कमी. तसाच दाब कापडात आणायचा, हा त्याचा विचार. मला हे वाचलं तेव्हा मोजा कसा चालतो ते एका फटक्यात समजलं.

बँडेजचं काय होतं बघा. पदार्थविज्ञान खरं तर बँडेजच्या बाजूने आहे. एकाच ताणाने पट्टी गुंडाळली तर बारीक भागावर दाब जास्त येतो आणि जाड भागावर कमी, म्हणजे घोट्याला जास्त आणि पोटरीला कमी. पण आपल्या हातून ताण एकसारखा राहतच नाही. घोट्याच्या हाडावर आपण जपून, सैल गुंडाळतो. पोटरीवर पट्टी घसरते असं वाटून करकचून ओढतो. शिवाय बँडेज असतं चार मीटर. गुडघ्यापर्यंत पोचल्यावर हातात हातभर पट्टी उरते, आणि ती आपण तिथेच, गुडघ्याखाली, दोन-तीन वेढ्यांत संपवून वर क्लिप लावतो. प्रत्येक वेढ्याने दाब वाढतो. म्हणजे जिथे दाब सगळ्यात कमी हवा, नेमका तिथेच तो सगळ्यात जास्त होतो. त्यात चालायला लागलं की दोन-तीन तासांत घोट्याकडचं बँडेज ढिलं पडतं आणि वरचा आवळ तेवढा शिल्लक राहतो.

हे मी माझ्या हाताने करून बसले आहे. सासूबाईंना गिरनारला नेलं होतं. तेव्हा रोपवे नव्हता, तो 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. रात्री भवनाथ तळेटीहून चढलो, दत्त शिखरावर पादुकांचं दर्शन घेऊन दुपारी खाली आलो. सोमनाथच्या बसमध्ये बसायच्या आधी मी त्यांच्या दोन्ही पायांना क्रेप बँडेज बांधलं, आणि चप्पल नीट बसावी म्हणून पाऊल मोकळं सोडून घोट्याच्या वरून सुरुवात केली. "तू दुकानात बसतेस, तुला कळतं," एवढंच त्या म्हणाल्या. सोमनाथला उतरलो तेव्हा त्यांची पावलं पुरीसारखी फुगलेली होती. जोडवी कातडीत रुतून दिसेनाशी झाली होती. धर्मशाळेच्या मोरीवर बसून साबण लावून लावून ती काढायला अर्धा तास गेला. गुडघ्याखाली बँडेजच्या विणीचा लाल पट्टा रात्रीपर्यंत तसाच होता. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, आणि मला ते अजून आठवतं. परत आल्यावर मी हे सगळं वाचायला घेतलं.

काही गिऱ्हाइकं म्हणतात, शिरा बिघडल्याने पायाला जी जखम होते तिच्यावर डॉक्टर तर बँडेजच बांधतात. बांधतात, पण ते बँडेज वेगळं, कमी ताणलं जाणारं असतं, त्याचे थर ठरलेले असतात आणि बांधणारा हात शिकलेला असतो. घरच्या क्रेपशी त्याची तुलना नको.

रंग, किंमत, धुणं हे फरक किरकोळ आहेत. मोजे महाग असतात हे खरं. हाताने, साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. रोज वापरले तर सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो.

खोक्यावर मात्र एकच गोष्ट बघायची, ती म्हणजे एमएमएचजीचा आकडा. "क्लास वन द्या" असं म्हणू नका. जर्मन मापात क्लास एक म्हणजे 18 ते 21, आणि ब्रिटिश मापात 18 ते 24 ला क्लास दोन म्हणतात. नाव वेगळं, दाब जवळजवळ तोच. सहलीला 15 ते 20 पुरे. त्यावरचा दाब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी देत नाही. लांबी गुडघ्यापर्यंतच. मांडीपर्यंतचे मोजे घामाने घसरतात आणि गुंडाळी होऊन बसतात. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासातले प्रयोग एकत्र करून कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या संस्थेने, आढावा घेतला आहे. असे मोजे घालणाऱ्यांच्या पायांची सूज कमी होती, आणि लक्षणं न दाखवणाऱ्या रक्ताच्या गुठळ्याही कमी होत्या.

यांच्यासारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंनीही फसगत होते. पहिली, डायबेटिक मोजे. नावावरून वाटतं औषधी, पण ते मुद्दाम बिनइलॅस्टिकचे, सैल असतात. त्यांचा दाब पडत नाही, पडूच नये. दुसरी, घरात कुणाच्या तरी ऑपरेशननंतर उरलेले पांढरे लांब मोजे. ते अंथरुणात पडून असलेल्या पेशंटच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून असतात, चालत्या-फिरत्या माणसासाठी त्यांचा दाब आखलेला नसतो. "वाया कशाला घालवायचे" म्हणून ते बॅगेत भरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की भरू नका.

मोजे घालायचे सकाळी, पाय खाली सोडायच्या आधी, अंथरुणातच. सूज चढल्यावर घालणं म्हणजे झटापट. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की दाब तिथे दुप्पट होतो आणि तुम्ही पुन्हा सासूबाईंच्या बँडेजवर येता. झोपताना काढायचे. उन्हात ते नकोसे होतात, हे मला मान्य आहे. बोटं उघडी असलेले घ्या, चपलेतही चालतात. चढणीवर फारच घामाघूम झालात तर काढा, पोटरी तेव्हा आपलं काम करतेच आहे. पण ट्रेनमध्ये, बसमध्ये, दर्शनाच्या रांगेत ते पायात हवेत.

मोज्यांच्या भरवशावर बाकीचं सोडू नका. बस थांबली की उतरून चाला. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा. मुक्कामावर पाय उशीवर, छातीपेक्षा उंच, पंधरा-वीस मिनिटं. फरसाण, वेफर्स, लोणचं यांचं मीठ पाणी धरून ठेवतं. आणि सूज येते म्हणून पाणी कमी पिणं साफ चुकीचं आहे. उन्हात पाणी पिणं सोडलंत तर चक्कर येऊन पडाल.

काही जणांना मी मोजे देतच नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते. थोडं चाललं की पोटरीत कळ येऊन थांबावं लागतं, पाय गार पडतात, जुन्या मधुमेहाने तळपाय बधिर झालेत, हृदय कमजोर आहे, पायाला जखम आहे, अशी मंडळी. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर त्या गोळीनेही घोटे सुजतात आणि उन्हात जास्त सुजतात. गोळी मनाने बंद करू नका, जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सूज एकाच पायाला आली, पोटरी दुखते, गरम लागते, लाल दिसते, तर बँडेज नाही, मोजा नाही, मालीश तर अजिबात नाही. ती गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

दुकानात यायचं तर सकाळी या, पायांची सूज उतरलेली असताना. बायकांना काउंटरवर साडी वर करून माप द्यायला संकोच वाटतो, आणि मग "मीडियमच द्या" म्हणून विषय संपवतात. त्यापेक्षा घरीच उठल्या उठल्या शिवणाची टेप घ्या. घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागेचा घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची लांबी, दोन्ही पायांची वेगवेगळी. हे आकडे कागदावर लिहून आणा. जोडवी आणि पैंजण निघायच्या आदल्या रात्री काढून डब्यात ठेवा.