'नवीन दाखल ग्रंथ' : मराठवाड्यातल्या एका मासिक यादीची पार्श्वभूमी

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, देवघेव खिडकीशेजारच्या फलकावर 'नवीन दाखल ग्रंथ' ही यादी लागते. भोवती पुस्तकांची कोरी वेष्टने टाचलेली असतात आणि खाली महिन्यातल्या घडामोडी : प्रदर्शन कधी आहे, कोणती नियतकालिके आली, कोणता डेटाबेस सुरू झाला. हल्ली हाच कागद पीडीएफ होऊन वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. बहुतेक जण तो न उघडताच पुढे जातात, याचे मला वाईट वाटते. कारण मराठवाड्यात नव्या पुस्तकाची खबर वाचकापर्यंत पोहोचणे ही फार काळ सोपी गोष्ट नव्हती.

सुरुवात निझामी काळापासून करावी लागते. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी 'दारुत्तर्जुमा' हे भाषांतर खाते उभारले गेले आणि विज्ञान, कायदा, इतिहास अशा विषयांची पाठ्यपुस्तके उर्दूत तयार झाली. औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) या विद्यापीठाचे इंटरमीजिएट कॉलेज होते. तिथे प्राचार्य राहिलेले मौलवी अब्दुल हक हेच 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे सूत्रधार. अंजुमनचा कारभार तेव्हा औरंगाबादेतूनच चाले, आणि 1921 मध्ये तिथून 'उर्दू' हे त्रैमासिक निघू लागले. त्यात नव्या पुस्तकांची परीक्षणे येत. म्हणजे नव्या ग्रंथांची नियमित दखल घेण्याची रीत या शहरात शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती. फक्त तिची भाषा इथल्या बहुसंख्य घरांत बोलली जाणारी नव्हती. 1938 मध्ये अंजुमन दिल्लीला गेली.

मराठी वाचकाची वाट वेगळी होती. सार्वजनिक सभेसाठी आधी परवानगी घ्यायला लावणाऱ्या 'गश्ती निशान 53' या निझामी परिपत्रकाच्या राजवटीत पुस्तकांभोवती चार माणसे जमणे हीसुद्धा जोखमीची गोष्ट होती. तरीही गावोगावी लहान वाचनालये तग धरून राहिली. निझामी राजवटीतच तिथल्या मराठी लेखक-वाचकांची साहित्य परिषद स्थापन झाली. आजची मराठवाडा साहित्य परिषद ती हीच, आणि 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक तिचेच. पुण्या-मुंबईचे पुस्तक इकडे यायचे तर मध्ये मनमाड होते : तिथे ब्रॉडगेजचा माल उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरावा लागे.

17 सप्टेंबर 1948 ला निझामी राजवट संपली आणि चित्र पालटले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज उभे राहिले. मिलिंदच्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. घरात पहिल्यांदाच पुस्तक येणाऱ्या मुलांसाठी कॉलेजचे ग्रंथालय म्हणजे नुसती अभ्यासाची सोय राहिली नाही, आणि नागसेनवनाने, म्हणजे मिलिंदच्या परिसराने, ते पुढे दाखवून दिले. 'अस्मितादर्श'सारखे दलित साहित्याचे त्रैमासिक याच परिसरातल्या प्राध्यापकाने, गंगाधर पानतावणे यांनी चालवले. आज कोणत्याही ग्रंथालयाला 'या महिन्याचा विशेष संग्रह' मांडायचा असेल, तर त्या अंकांच्या बांधीव खंडांइतके मोलाचे फार थोडे सापडेल.

23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तोवर इथली महाविद्यालये उस्मानियाला जोडलेली होती. आता ग्रंथखरेदीचे निर्णय इथेच होऊ लागले.

यादीमागचा विचार मात्र ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा. त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे म्हणते, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चौथे म्हणते, वाचकाचा वेळ वाचवा. पुस्तक आले, दाखलनोंद वहीत चढले, शिक्का बसला, वर्गांक पडला आणि कपाटात गेले, एवढ्याने ग्रंथपालाचे काम संपत नाही. ते आल्याचे वाचकाला सांगायचे असते. यादी विषयवार लावायची, तर ड्युईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य 891.46 या आकड्याखाली येते. इथल्या महाविद्यालयांत अनेकदा याच आकड्याखाली सर्वांत मोठी रांग लागते.

आणखी एक गोष्ट ग्रंथालयात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. यादी मासिक असली तरी पुस्तके महिन्याच्या हिशेबाने येत नाहीत. अनुदान मार्चअखेर खर्ची पडायचे असते, म्हणून वर्षाच्या शेवटी खोकी येऊन पडतात आणि नोंदी करता करता उन्हाळा उजाडतो. ऐन परीक्षेत, वाचायला कुणाला सवड नसताना, यादी सर्वांत जाड होते. हा दोष ग्रंथपालांचा नाही, पैसे येण्याच्या वेळेचा आहे.

प्रदर्शनांच्या तारखा मात्र या प्रदेशाच्या स्वतःच्या आहेत. 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन किंवा 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सगळीकडेच होतो. इथे त्यांच्या जोडीला 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि 14 जानेवारीही. 1994 मध्ये याच तारखेला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, आणि त्यामागे 1978 पासूनचा नामांतराचा लढा होता. त्या दिवशी टेबलावर मांडलेली पुस्तके केवळ शोभेची नसतात. ती चाळणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरच्यांनी तो काळ सोसलेला असतो.

गेल्या पंचवीस वर्षांत फलकावरचे शब्द बदलले. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'सोल' हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर आले, तालिकापत्रांचे खण रिकामे होऊन ओपॅक (संगणकावर शोधता येणारी ग्रंथसूची) आले. 2010 पासून 'एन-लिस्ट' या ई-सामग्रीच्या योजनेमुळे अनुदानित महाविद्यालयांतही ई-नियतकालिके उघडू लागली. 'शोधगंगा'वर विद्यापीठांचे प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात, त्यांत मराठीतलेही आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला मंजुरी दिली : 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीही केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी संशोधन करणाऱ्या मुलीला परदेशी नियतकालिकातला लेख जागेवर मिळावा, यात मला मनापासून आनंद आहे.

पण या मोठ्या पोतडीतली सामग्री जवळजवळ सगळी इंग्रजी आहे. 'प्रतिष्ठान'चा ताजा अंक, तालुक्याच्या ठिकाणी छापलेला कवितासंग्रह, एखाद्या शिक्षकाने पदरमोड करून काढलेला गावचा इतिहास यांपैकी काहीही त्या सदस्यतेत आपोआप येत नाही. ते कुणीतरी मागवावे लागते, वहीत चढवावे लागते, यादीत स्वतःच्या हाताने लिहावे लागते. काही ग्रंथालये आजही ई-संसाधनांच्या दुव्यांखाली 'मराठी व उर्दू : नवीन' असा वेगळा रकाना ठेवतात. पीडीएफ उघडली तर आधी तो रकाना पाहावा.