बंद पडलेली बोट ओढताना दोर का तुटतो?

समुद्रात इंजिन बंद पडलं की दुसरी बोट येते, दोर टाकते आणि ओढत बंदरात आणते, यात कसलं आलंय विज्ञान असं वाटेल, पण रस्त्यावर गाडी टो करणं वेगळं आणि हे वेगळं. दोन बोटी दोन वेगळ्या लाटांवर असतात, एक उतरत असते तेव्हा दुसरी चढत असते, त्यामुळे दोघींमधलं अंतर सारखं कमीजास्त होतं. कमी झालं की दोर ढिला, वाढलं की खाडकन ताठ. हा झटका नुसत्या ओढण्याच्या जोरापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि दोर तुटतो किंवा ज्याला बांधलाय तो खुंटाच उखडून येतो तो बहुतेक वेळा या झटक्यानेच.

म्हणून छोट्या बोटींसाठी नायलॉन, कारण तो ताणला जातो. 60 मीटरचा दोर 15 टक्के ताणला गेला तर 9 मीटर लांबला, म्हणजे झटका तेवढ्या अंतरात हळूहळू जिरतो. पॉलीप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, लांबून दिसतो, पण नायलॉनइतका झटका खात नाही. नायलॉनचीही एक भानगड आहेच, ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते, आणि तो तुटला की चाबकासारखा उलटा येतो. दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही म्हणतात ते उगाच नाही, हात-पाय तुटलेत लोकांचे.

मग मोठे टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या दणकट बोटी, स्टीलची वायर का वापरतात, ती तर जेमतेम एक-दोन टक्केच लांबते? तर तिथे काम करतं वजन. शेकडो मीटर जड वायर सोडली की ती मधे पाण्यात खोल झोळ घेते, झटका आला की आधी हा झोळ वर उचलला जातो आणि त्यातच जोर खर्च होतो. मला ही आयडिया नायलॉनपेक्षा भारी वाटते. फक्त किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं की वायर तळाला घासायला लागते म्हणून आखडून घ्यावी लागते, आणि मग झटके पुन्हा थेट बसतात.

दोर बांधायचा कुठे हेही महत्त्वाचं. ओढणाऱ्या बोटीच्या अगदी मागच्या टोकाला बांधला तर ते टोक दोराने धरून ठेवलं जातं, सुकाण फिरवा नाहीतर नका फिरवू, बोट वळतच नाही. म्हणून टगचा हुक मधल्या भागाजवळ असतो. पण दोर आडवा गेला तर तोच टगला कुशीवर ओढून काही क्षणांत पालथा करू शकतो, त्यामुळे पूर्ण ताण असतानाही झटकन सुटणारा हुक लागतो. आणि घाई करायची नाही, वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो.

जून 2011 मध्ये जुहू बीचवर जहाज रुतलं होतं, आठवतंय? विझडम. तोडायला अलंगला ओढून नेत होते, वाटेत टो, म्हणजे ओढायचा दोर, तुटला आणि ते वाहत आलं. बघ्यांची नुसती जत्रा, पण त्यावर खलाशी नव्हते म्हणून निभावलं. 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ अमोको कॅडिझ या टँकरचं सुकाण निकामी झालं, पॅसिफिक नावाचा टग आला, वादळात टो तुटला, पुन्हा जोडेपर्यंत दिवस गेला आणि रात्री जहाज खडकांवर. दोन लाख टनांहून जास्त तेल समुद्रात. आता 20,000 टन आणि त्यावरच्या टँकरला पुढे-मागे दोन्हीकडे ओढून नेण्याचं सामान सक्तीचं आहे, मागचं तर आधीच जोडून ठेवायचं, बंदरात शांत पाण्यात एका माणसाला ते 15 मिनिटांत सोडता आलं पाहिजे. पुढच्याला एक तास.