साबुदाणा उपासाला चालतो, कीटोला नाही

परवा एकादशीला सोसायटीतल्या एका काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात झाकलेली वाटी. "मुलाने कीटो सुरू केलंय. भात नको, पोळी नको, वरण नको म्हणतो. निदान उपासाची खिचडी तरी चालेल ना त्याला? उपास आणि कीटो एकच असं त्यानेच सांगितलंय."

मुलाचं म्हणणं बरोबर होतं. कीटो म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्ध भरपूर असा आहार, पोट भरलेलं ठेवून यकृताला उपास घडवणं. अडचण आहे ती आपल्या उपासाची. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही.

उत्तर त्या वाटीतच होतं. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 87-88 ग्रॅम कर्बोदकं. बटाट्याच्या फोडीही स्टार्चच. पण त्याच खिचडीतलं तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर पेरलेलं ओलं खोबरं हे सगळं कीटोला बेतानं चालतं. शेंगदाण्यात निम्मं वजन तेलाचं, आणि जी 16 टक्के कर्बोदकं असतात त्यातली निम्मी न पचणारा चोथा. कीटोत दिवसभराची मुभा साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकांची. पन्नास ग्रॅम साबुदाण्याची खिचडी एकटीच 44 ग्रॅम खाऊन टाकते.

ही मर्यादा एवढी कडक का, हे समजून घ्यायला यकृतात शिरावं लागतं, आणि माझ्या मते शरीरातली ही सगळ्यात देखणी व्यवस्था आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे 20 टक्के. रोज 100-120 ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा जेमतेम 100 ग्रॅमचा, म्हणजे दिवसभरात संपणारा. अंगावर चरबी कितीही असली तरी तिचा मेंदूला थेट उपयोग नाही, कारण चरबीतली मेदाम्लं रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात आणि मेंदूच्या वेशीतून पुरेशी आत जात नाहीत. म्हणून यकृत त्यांचे लहान, पाण्यात विरघळणारे तुकडे करतं. हीच कीटोन द्रव्यं.

मेदाम्ल तुटतं ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, आणि तिथे शिरायला एक दार आहे. लांब साखळीच्या मेदाम्लाला आत जाताना कार्निटिन नावाच्या रेणूचा हात धरावा लागतो. हा हात जुळवून देणारं एन्झाइम, सीपीटी-1, म्हणजे दारावरचा रखवालदार. जेवणात कर्बोदकं आली की इन्सुलिन वाढतं, यकृत जास्तीच्या साखरेपासून नवी चरबी बांधायला घेतं, आणि त्या बांधकामाची पहिली वीट असते मॅलोनिल-कोए. ही वीटच रखवालदाराला अडवते. एका हाताने चरबी बांधायची आणि दुसऱ्या हाताने तीच मोडायची, असा खुळेपणा पेशीकडून होऊच नये याची ही तजवीज. डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर या संशोधकांनी 1977 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला हे दाखवून दिलं.

इन्सुलिन उतरलं की मॅलोनिल-कोए घटतं आणि दार उघडतं. आत गेलेलं मेदाम्ल दोन-दोन कार्बनने तुटतं. पामिटिक आम्लाचे 16 कार्बन, म्हणजे ॲसिटिल-कोएचे 8 तुकडे. ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा काढण्याच्या फेऱ्यात, जाळायला ऑक्झॅलोॲसिटेट नावाचं द्रव्य लागतं, पण ते तर यकृताने ग्लुकोज बनवायला वळवलेलं असतं. मग तुकडे साठतात, जोडीजोडीने एकत्र येतात, त्यांचं ॲसिटोॲसिटेट होतं आणि पुढे बरंचसं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. थोडं ॲसिटोन होऊन श्वासावाटे जातं. कीटोवाल्याच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो तो याचाच. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही, की कीटोन वापरायला लागणारं एन्झाइम यकृताकडे नसतंच. रांधायचं त्याने, वाढायचं सगळं इतरांना.

आता स्वयंपाकघरात या. प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न: याने ते दार बंद होईल का? ज्वारीची भाकरी उत्तम अन्न आहे, पण एका भाकरीच्या पन्नासेक ग्रॅम पिठात तीस ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. गूळ 'नैसर्गिक', मध 'औषधी', खजूर 'पौष्टिक' ही विशेषणं यकृताला वाचता येत नाहीत. वरी, राजगिरा, रताळं, केळं, आंबा गेले. डाळी आणि मटकी-मूगही गेले, आणि शाकाहारी माणसाची खरी ओढाताण इथेच होते, कारण त्यांच्याबरोबर रोजचं प्रथिनही जातं. ते पनीर, टोफू, अंड्यातून भरून काढावं लागतं. दुधात 5 टक्के लॅक्टोज ही साखर असते, पण पनीर करताना त्यातली बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून पेलाभर दूध नको आणि पनीर हवं.

भाज्यांत मेथी, पालक, शेपू, वांगं, भेंडी, दुधी, दोडका, फ्लॉवर पोटभर. मटण, कोंबडी, मासे यांत कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. मात्र बांगडा रव्यात घोळवला की हिशेब बदलतो. कालवं, तिसऱ्या आणि कलेजी यांत थोडं ग्लायकोजेन असतं, हे कोकणातल्यांनी लक्षात ठेवावं. नुसत्या चिकनवर ताव मारणंही चुकीचं, कारण जास्तीच्या प्रथिनातून यकृत ग्लुकोज बनवतं.

खोबरेल तेलाचं प्रस्थ मात्र वाजवीपेक्षा वाढलंय. मध्यम साखळीची मेदाम्लं कार्निटिनच्या दाराशिवाय आत जातात हे खरं, पण खोबरेलात तशी, म्हणजे 8 आणि 10 कार्बनची, सुमारे 15 टक्केच. जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि शरीर ते बहुतांशी लांब साखळीसारखंच हाताळतं. 'सात दिवसांत तीन किलो' हीसुद्धा फसवी जाहिरात. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. आधी उतरतं ते हे पाणी. त्याबरोबर मीठही जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात.

हा आहार जन्माला आला तो वजनासाठी नव्हे, अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी. कडक उपासात झटके कमी होतात हे फार जुनं निरीक्षण. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपाशी न ठेवता तीच अवस्था आणायचा हा मार्ग सुचवला. 2008 मध्ये लंडनच्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या मुलांपैकी 38 टक्क्यांचे झटके निम्म्याहून कमी झाले. नेहमीचा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं. आणि आपल्याकडे आजही फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावतात, कांदा हुंगवतात. झटका बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चप्पल घेऊन जाते. कृपा करून हे करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना गाठा.

टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असतील तर मनाने कीटो करू नका. या गोळ्यांवर रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात. काही बाळांत तर तो कार्निटिनचा दरवाजाच जन्मतः बिघडलेला असतो. त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून अपस्माराच्या मुलांची आधी त्यासाठी तपासणी करतात.

काकूंना मी खिचडीऐवजी दाण्याची आमटी सुचवली, गूळ न घालता. त्यांनी विचारलं, त्याला खोकला झालाय, सिरप दिलं तर चालेल? अपस्मारासाठी कीटोवर असलेल्या मुलांच्या आयांना याचं उत्तर पहिल्या दिवशीच शिकवतात. त्या घरात जेवण ग्रॅमच्या काट्यावर मोजलं जातं, आणि सिरपमधली साखर टाळण्यासाठी डॉक्टर शक्य तिथे गोळीच लिहून देतात.