पार्श्वभूमी : चुकीच्या लेखाला उत्तर देण्याचा हक्क कोणाचा?

संपादकीय पानावरचा एखादा लेख किंवा वाचकाचे पत्र धडधडीत चुकीच्या माहितीवर उभे असते. जाणकार वाचक रात्री बसून मुद्देसूद उत्तर लिहितो. ते छापून येत नाही, किंवा सहाशे शब्दांतले नव्वद उरतात आणि नेमका आकडाच गळतो. मग सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालाचा दाखला दिला जातो : उत्तर छापणे वृत्तपत्रावर बंधनकारक आहे, असे न्यायालयानेच सांगितले आहे. हा दाखला अर्धाच खरा आहे.

घोळाची सुरुवात ‘खुलासा’ या शब्दापासून होते. वृत्तपत्राने आपली चूक कबूल केली तरी खुलासा, ज्याच्यावर आरोप झाला त्याने आपली बाजू मांडली तरी खुलासा, आणि तिऱ्हाईत वाचकाने लेखकाचे म्हणणे खोडून काढले तरी खुलासाच. पहिली खरे तर दुरुस्ती, तिसरा प्रतिवाद. हक्काची भाषा जगभर वापरली गेली ती प्रामुख्याने मधल्या प्रकारासाठी, म्हणजे आरोप झालेल्याच्या उत्तरासाठी. फ्रान्सने १८२२ मध्ये असा हक्क कायद्यात आणला, तोही ज्याचे नाव छापून आले किंवा ज्याच्याकडे बोट दाखवले गेले त्याच्यापुरता. १८८१ च्या तिथल्या वृत्तपत्र कायद्यात तो कायम राहिला. आपल्याकडे १८४८ पासून मुंबईच्या एका साप्ताहिकात पंचविशीतल्या एका लेखकाने टोपणनावाने शंभरावर पत्रे लिहून समाजाचे वाभाडे काढले. त्यामागे कायदा नव्हता, जागा देणारा संपादक होता.

अमेरिकेने उलटी वाट धरली. फ्लोरिडा राज्यात १९१३ पासून कायदा होता की निवडणुकीतल्या उमेदवाराच्या चारित्र्यावर वृत्तपत्राने हल्ला केला, तर त्याचे उत्तर तितक्याच ठळक जागी फुकट छापावे. १९७२ च्या एका उमेदवाराने त्याचा आधार घेऊन आपले उत्तर छापायची मागणी केली. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदाच रद्द केला. काय छापायचे हे सरकारने संपादकाला सांगू नये, हे त्याचे सार.

आपल्याकडच्या १९९२ च्या निकालाची कथा सुरू होते १९७८ मध्ये. अहमदाबादेतील ग्राहक चळवळीच्या एका कार्यकर्त्याने सरकारी विमा महामंडळाच्या धोरणावर अभ्यासनिबंध प्रसिद्ध केला. विमेदारांकडून जादा हप्ते घेतले जातात, असा त्याचा रोख होता. महामंडळाच्या एका जबाबदार व्यक्तीने एका इंग्रजी दैनिकात त्याला उत्तर दिले. कार्यकर्त्याने प्रत्युत्तर पाठवले, त्या दैनिकाने तेही छापले. इथपर्यंत सगळे रीतसर झाले. पुढे महामंडळाने आपल्या नियतकालिकात फक्त आपल्या माणसाचा लेख पुन्हा छापला. कार्यकर्ता म्हणाला, माझे प्रत्युत्तरही छापा. महामंडळ म्हणाले, हे आमचे घरचे नियतकालिक आहे, बाहेरच्यांसाठी नाही.

उच्च न्यायालयाला ही सबब पटली नाही, सर्वोच्च न्यायालयालाही नाही. पैसे भरून कोणालाही मिळणारा अंक घरचा कसा? महामंडळ राज्यसंस्थेचा भाग, अंक निघतो सार्वजनिक पैशातून. तिथे एकच बाजू दाखवून दुसरी दडपणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग. त्याच निकालपत्रात दुसरे प्रकरणही होते : भोपाळ वायुदुर्घटनेवरचा पुरस्कारप्राप्त माहितीपट दाखवायला सरकारी दूरचित्रवाणीने दिलेला नकार. दोन्हीकडे समोर सरकारी यंत्रणाच होती, खासगी वृत्तपत्र नव्हे. शिवाय सरकारी संस्थेनेही येईल ते सगळे छापलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही, नकाराला रास्त कारण हवे, असे न्यायालयाने बजावले होते. दाखला देणारे नेमका हा भाग सोडून देतात आणि समोरच्या संपादकाला ‘तुम्हाला लागू नाही’ म्हणायची सोय करून देतात. १९७८ च्या हप्त्यांवरच्या उत्तराचा निवाडा व्हायला १४ वर्षे लागली, हेही लक्षात ठेवायला हवे.

खासगी वृत्तपत्रांसाठी उरते ती वृत्तपत्र परिषद, म्हणजे प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. १९६६ मध्ये स्थापन झालेली, आणीबाणीत गुंडाळलेली, १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिलेली. ती ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निर्भर्त्सना करू शकते. दंड करू शकत नाही. तिच्या आचारसंहितेत वाचकांच्या पत्रांबाबत संपादकाला मोकळीक आहे. वादग्रस्त विषयावर आलेले प्रत्येक पत्र छापायला तो बांधलेला नाही, निवडक पत्रे किंवा त्यांचा सारांश देऊ शकतो. पण बाधित व्यक्तीचे उत्तर मात्र तत्परतेने, योग्य ठळकपणे आणि विनामूल्य छापावे, असे ती सांगते. उत्तराच्या खरेपणाबद्दल सयुक्तिक शंका असेल तर खाली थोडक्यात संपादकीय टीप जोडता येते.

याच संहितेत आणखी एक तरतूद आहे आणि सामान्य वाचकाच्या दृष्टीने तीच सगळ्यांत मोलाची. सार्वजनिक हिताच्या विषयाच्या सर्व बाजू कळणे हा वाचकाचा हक्क आहे, म्हणून ‘आमचा मजकूर खरा होता’ एवढ्याच कारणावर संपादकाने प्रत्युत्तर नाकारू नये, त्याचा निर्णय वाचकांवर सोडावा. लशीबद्दलचा चुकीचा लेख वाचून अस्वस्थ झालेल्या बालरोगतज्ज्ञाचे लेखात नाव नसते, त्याच्यावर आरोपही नसतो. बाधित व्यक्ती म्हणून त्याला काही मागता येत नाही, पण या तरतुदीवर बोट ठेवता येते. १९९२ च्या निकालाऐवजी हिचा दाखला पत्रात दिला, तर संपादकाला झटकून टाकणे कठीण जाईल.

दुरुस्तीची जागा हा जुनाच सल. लेख अर्धे पान अडवतो. दुरुस्ती येते चार ओळींची, बारीक टायपात, आतल्या पानाच्या तळाशी, मूळ चूक काय होती हे न सांगता. २००६ मध्ये देशातल्या एका इंग्रजी दैनिकाने वाचकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र संपादक नेमला, तेव्हा या कामाला ठरलेली जागा आणि ठरलेला माणूस मिळाला. अमेरिकेतल्या एका बड्या दैनिकाने असेच पद २००३ मध्ये निर्माण केले आणि २०१७ मध्ये रद्द केले.

संकेतस्थळांवरच्या बातम्या आणि लेखांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यांनुसार तक्रार अधिकारी नेमायचा आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या आचारसंहिता पाळण्याच्या सक्तीला अंतरिम स्थगिती दिली. छापील मजकुरासाठी वाट जुनीच आहे. आधी संपादकाला लेखी कळवायचे, मग परिषदेकडे जायचे. दैनिक आणि साप्ताहिकातल्या मजकुराबद्दल ही तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करायची असते. आज नाही तर उद्या पत्र छापून येईल, अशी वाट पाहण्यात ही मुदत सहज निघून जाते.