धोंडी, दोन नाणी आणि हाकललेला मॅनेजर

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, काढला की त्याची सगळ्यात जास्त झळ बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या चहाच्या गाड्याला बसते. लेले मैदानावर खेळून आलेली पोरं एका चहात दोघं भागवतात आणि तास-दीड तास बाकडं अडवून बसतात. नवा कोण यावा? एकाला जर्मन पाहिजे, एकाला क्लबचाच जुना खेळाडू, आणि तिसरा नुसताच म्हणतो, ‘‘कुणीबी येऊ दे, खरं हा गेला ते बरं झालं.’’ (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे या वादात माझं मत कुणी विचारत नाही. भाच्याने एकदा चुकून विचारलं. त्याचा मुद्दा होता ओले गुन्नार सोल्शारचा. ‘‘मोरिन्योला हाकलला आणि ओळीनं आठ मॅच मारल्या की मामा! याला काय म्हणणार?’’

आठ मॅच मारल्या हे खरंच. डिसेंबर २०१८ मध्ये जोझे मोरिन्यो गेला, सोल्शार हंगामी म्हणून आला, पहिले आठही सामने जिंकला आणि मार्च २०१९ मध्ये त्याची नेमणूक कायम झाली. फक्त एक गोष्ट भाचा विसरला होता. मोरिन्यो गेला तेव्हा युनायटेड लीगमध्ये सहाव्या स्थानावर होता. हंगाम संपला तेव्हाही सहाव्याच.

मला माझ्या आजोळची धोंडी आठवली. बेळगावच्या पूर्वेला गेलं की पाऊस ओढ देणारा पट्टा लागतो. आषाढ कोरडा चालला की गावात धोंडी निघायची. अंगाला लिंबाचे डहाळे बांधलेलं पोरगं दारोदार फिरायचं आणि बायका त्याच्या अंगावर पाणी ओतायच्या. कानडी घरांतून गुर्जी निघे, रीत थोडी वेगळी, मागणं तेच. आणि पाऊस यायचाही, आठवड्याभरात, क्वचित त्याच रात्री. आता बघा, धोंडी कधी काढायची? पहिल्या कोरड्या दिवशी कुणी काढत नाही. पिकं माना टाकतात, विहिरीचा तळ दिसतो, गावाचा धीर सुटतो, तेव्हा काढतात. म्हणजे पावसाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर बरे दिवस येण्याचाच संभव जास्त असतो. ज्या शेजारच्या गावाने धोंडी काढलेली नसायची, तिथेही त्याच दिवशी पाऊस पडायचा. खरं त्या गावाची गोष्ट आजीने कधी सांगितली नाही.

मॅनेजरही असाच ओळीने पाच-सहा सामने हातचे गेल्यावर हाकलला जातो. तीन सामने जिंकल्यावर कोण कुणाला काढतो?

याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. ते पहिल्यांदा नीट मांडलं फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये, माणसांच्या उंचीवरून. सरासरीपेक्षा फार उंच आईबापांची मुलं उंचच निघतात, पण आईबापांइतकी नाहीत. सरासरीपासून जेवढे आईबाप लांब, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश मुलं लांब. अंगच्या गुणात योगायोगाची भर पडते तिथे तिथे हे घडतं. टोकाच्या निकालात योगायोगाचा वाटा मोठा असतो, आणि तो पुढच्या खेपेला तसाच हजर राहील याची हमी नाही.

फुटबॉलमध्ये हा वाटा जरा जास्तच, कारण गोल कमी. इंग्लिश लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला पावणेतीनच्या आसपास. क्रिकेटमध्ये एक झेल सुटला तर पुढच्या तीनशे चेंडूंत भरपाई होऊ शकते. इथे खांबाला लागून बाहेर गेलेला एक चेंडू म्हणजे दोन गुण गेले. अशा क्वचित घडणाऱ्या गोष्टींचं गणित लाडिस्लाउस बोर्टकीविच याने १८९८ मध्ये प्रशियाच्या फौजेत घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांवर लावून दाखवलं होतं. वीस वर्षं, दहा कोअर (फौजेच्या मोठ्या तुकड्या), दर कोअरची वर्षाला एक म्हणजे दोनशे नोंदी, आणि एकूण मृत्यू १२२. त्यांतल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, एका नोंदीत एकदम चार. त्या वर्षी त्या कोअरचे घोडे काही जास्त खवळलेले नव्हते. नुसत्या योगायोगानेही असे गठ्ठे पडतात.

त्याच गणिताने मी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब केला. समजा, एक चांगला संघ आहे. सामन्याला सरासरी १.६ गोल करतो आणि १.१ खातो. तो सुमारे ४९ टक्के सामने जिंकेल, २५ टक्के बरोबरीत सोडवेल, २६ टक्के हरेल. मॅनेजर तोच, खेळाडू तेच, कुणाचं कुणाशी बिनसलेलं नाही. तरीही ३८ सामन्यांच्या हंगामात कुठे ना कुठे ओळीने पाच सामने विजयाविना जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी निघते. पाच सामने म्हणजे महिना-सव्वा महिना. चहाच्या गाड्यावर तेवढ्या काळात तीन मॅनेजर बदलून होतात.

वही दाखवून पोरं ऐकत नाहीत. म्हणून मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमान यांची युक्ती केली. इस्रायलच्या हवाई दलातले शिक्षक त्यांना सांगत होते की शाबासकी दिली की वैमानिक पुढच्या खेपेला बिघडतो आणि झापलं की सुधारतो. काहनेमाननी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येकाला पाठ करून, न बघता दोन नाणी मागे फेकायला लावली. मीही गाड्यासमोर फरशीवर खडूने वर्तुळ काढलं. अकरा पोरं, प्रत्येकी दोन नाणी. भाच्याचं पहिलं नाणं थेट गटारीच्या जाळीवर गेलं. पहिल्या फेरीत सर्वांत लांब गेलेल्या तिघांना मी ‘हाकललं’, म्हणजे त्यांच्या मागे नवा मॅनेजर म्हणून चहावाल्या मामांना उभं केलं. मामांनी काही शिकवलं नाही, गाळणी हातात धरून नुसते उभे राहिले. तिघांचीही दुसरी नाणी वर्तुळाच्या जवळ आली. पहिल्या फेरीत ज्याचं नाणं बरोबर मध्यावर पडलं होतं, त्याचं दुसरं भिंतीला लागलं.

‘‘मामांनाच पाठवूया की मँचेस्टरला,’’ भाचा म्हणाला.

गंमत सोडा, धोंडी न काढलेलं शेजारचं गाव फुटबॉलमध्येही सापडतं. बास टेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातली हॉलंडची वरिष्ठ लीग तपासली. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतात, हे त्याला दिसलंच. मग त्याने तेवढेच घसरलेले, पण मॅनेजर न काढलेले संघ शेजारी मांडले. तेही तसेच सावरले होते.

मॅनेजरला काहीच किंमत नाही, असं यातून निघत नाही. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सी या इंग्लिश क्लबात फ्रँक लॅम्पार्डच्या जागी थॉमस टुखेल मॅनेजर म्हणून आला आणि मे महिन्यात चेल्सी युरोपचा विजेता झाला. त्याने बचावाची रचनाच बदलली होती. पण त्याच चेल्सीत रॉबर्टो डी मातेओ मार्च २०१२ मध्ये असाच मधेच आला, मेमध्ये तोच चषक जिंकला आणि नोव्हेंबरात स्वतः हाकलला गेला. क्लाउडिओ रानिएरीने लेस्टरला २०१६ मध्ये लीग जिंकून दिली तेव्हा हंगामाच्या सुरुवातीचा सट्ट्याचा भाव ५००० ला १ होता, आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याला घरी पाठवलं. शिखरावरून खाली येणं हेही सरासरीकडे परतणंच. मात्र उतरताना दोषी हुडकावा लागतो. अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये युनायटेडला आला, १९८९-९० च्या हिवाळ्यात चाहते त्याला घालवायला निघाले होते, आणि युनायटेडसाठी त्याचं पहिलं लीग विजेतेपद १९९३ चं. त्या हिवाळ्यात हा चहाचा गाडा असता तर फर्ग्युसनचं काही खरं नव्हतं.

माझं मत विचाराल तर वादाचा प्रश्नच बदलायला हवा. शेवटच्या पाच सामन्यांत गुण किती, हे सोडा. गोलाच्या संधी किती तयार केल्या आणि समोरच्याला किती दिल्या, ते वीसेक सामन्यांचं बघा. संधी गोलांपेक्षा पुष्कळ जास्त असतात, म्हणून योगायोग त्यांत लवकर विरतो. संधीच आटल्या असतील तर खुशाल हाकला.

भाच्याला हे पटलं. निदान तो तसं म्हणाला. त्याच रविवारी त्यांची गल्लीची टीम ओळीने चौथी मॅच हरली, आणि संध्याकाळी कोच बदलला. पुढच्या रविवारी जिंकले २-१. नव्या कोचला कुंदा भरवला, गाड्यावर आणून मलाही दिला. जुना कोच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून चहा पीत होता. मी त्याला माझ्यातला अर्धा कुंदा दिला.