स्टिअरिंगचा घेर आणि हाताला कळणारा रस्ता

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका तरुणाने माझ्यासमोर लहान घेराचे स्टिअरिंग विकत घेतले, तेव्हा ‘ह्ये बसवलं की गाडी झटक्यात वळत्या बघा’ अशी ग्वाही दुकानदाराने त्याला छातीठोकपणे दिली. हा समज सर्रास आढळतो. मात्र स्टिअरिंग ९० अंश फिरवल्यावर पुढची चाके किती वळतील हे आतल्या रॅक आणि पिनियनच्या, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, रचनेवर ठरते, आणि घेर बदलल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो हाताच्या प्रवासात आणि जोरात. ३८० मिलिमीटर व्यासाचे स्टिअरिंग पाव फेरा फिरवताना हात सुमारे ३० सेंटिमीटर सरकतो, तर ३२० मिलिमीटरच्या स्टिअरिंगवर २५ सेंटिमीटर. मात्र तरफेच्या नियमाप्रमाणे त्रिज्या घटली की तोच पीळ (फिरवणारा परिणाम) देण्यासाठी सुमारे १९ टक्के जास्त जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या एसटी गाड्यांची स्टिअरिंगे परातीएवढी असत, ती याचसाठी.

वळणावर स्टिअरिंग परत सरळ करू पाहणारा, हाताला जाणवणारा पीळ येतो कोठून, हे खरे पाहण्यासारखे आहे. टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. वळणावर त्या भागाच्या पुढच्या कडेने आत येणारे रबर मागे सरकत जाईल तसे अधिकाधिक आडवे ताणले जाते. त्यामुळे रस्त्याचा आडवा रेटा मध्यबिंदूवर न लागता थोडा मागे लागतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. पुढच्या चाकांचा वळणाचा अक्ष मुद्दाम कललेला ठेवतात, त्याचीही यात भर पडते. गंमत पुढेच आहे. पकडीची मर्यादा जवळ आली की टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी घसरू लागते, रेट्याचे ठिकाण पुढे सरकते आणि आडवा रेटा अजून वाढत असतानाच पीळ मात्र उतरू लागतो. पावसात करूळ घाट उतरताना जड असलेले स्टिअरिंग अचानक हलके लागले, तर टायर पूर्ण घसरण्याआधीच ही सूचना हाताला मिळालेली असते. लहान घेरावर ती ठळक जाणवते, पण तिथे खड्ड्याचा झटकाही ठळकच लागतो, कारण स्टिअरिंगच्या मोठ्या रिमचे (गोल कड्याचे) जडत्व झटके पचवते. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणाऱ्यांनी त्याच चाकातील हवेचा दाब तपासला, तर ही सूचना अधिक विश्वासाची होईल. त्या तरुणाच्या मूळ स्टिअरिंगबरोबर एअरबॅगही निघून जाणार होती. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी ती सक्तीची आहे, पण दुकानात तिचा विषयही निघाला नाही.

रिमच्या जाडीचे गणित त्वचेशी निगडित आहे. बोटांतील काही संवेदक सेकंदाला दोन-तीनशे कंपने उत्तम टिपतात, आणि जाड, मऊ आवरण नेमकी हीच बारीक कंपने गिळते. जाड रिमवर दाब तळहातभर पसरत असल्याने लांबच्या प्रवासात हात कमी अवघडतो, हे खरे. पण जाडी फार वाढली की बोटे अंगठ्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि पकड टिकवायला उगीच जोर लागतो. माझ्या गाडीच्या रिमभोवती दोरा गुंडाळून मोजला, तेव्हा तो ९ सेंटिमीटर भरला, म्हणजे जाडी सुमारे २९ मिलिमीटर झाली. फोमचे कव्हर चढवल्यावर दोरा साडेअकरा सेंटिमीटर भरला, जाडी सुमारे ३७ मिलिमीटरवर गेली आणि मधल्या बोटाचे टोक अंगठ्याला टेकेनासे झाले. ते कव्हर आता डिकीत पडून आहे.