बहुब्राउझर वापर (घरगुती संगणकावरील)

घरच्या एकाच संगणकावर दोन किंवा अधिक ब्राउझर ठेवून प्रत्येकाला वेगळे काम नेमून देण्याची पद्धत. बँक, प्राप्तिकर, शेअर, विमा अशा पैशाच्या कामांसाठी एक ब्राउझर आणि बातम्या, व्हिडिओ, खरेदी, इकडची तिकडची शोधाशोध यांसाठी दुसरा, ही तिची सर्वांत रूढ मांडणी.

या पद्धतीचा पाया म्हणजे कुकी. संकेतस्थळ ब्राउझरपाशी जी छोटी नोंद ठेवायला देते ती ही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ती योजली. लॉगिन केल्यावर दर पानाला पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून ओळखीची खूण कुकीत राहते. प्रत्येक ब्राउझर आपल्या कुकी, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड आपापल्या फोल्डरमध्ये ठेवतो, शेजाऱ्याला ते देत नाही. फायरफॉक्समध्ये बँकेचे खाते उघडे असताना क्रोममध्ये तेच संकेतस्थळ उघडले, तर ते पुन्हा नाव आणि पासवर्ड मागते. याचा फायदा असा की, एखादे फसवे पान दुसऱ्या टॅबमधल्या चालू लॉगिनच्या जोरावर बँकेकडे परस्पर विनंती पाठवू पाहत असेल, तर त्या ब्राउझरमध्ये लॉगिनच नसल्याने त्याचा डाव फसतो. अशा हल्ल्यांवर बँकांनी आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनीही उपाय केले आहेत, त्यामुळे आज हा फायदा जोडीचा आहे, मुख्य नव्हे.

मुख्य फायदा एक्सटेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत होतो. कूपन शोधणारे किंवा व्हिडिओ उतरवून देणारे एक्सटेन्शन बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे व बदलणे’ अशा अर्थाची परवानगी पुष्कळदा मागितली जाते आणि बहुतेक जण ती न वाचता देऊन मोकळे होतात. ‘सर्व’ यात बँकही आली. शिवाय आज चांगले असलेले एक्सटेन्शन उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. वापरात नसलेले टॅब झोपवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ लोकप्रिय होते, पण मालक बदलल्यानंतर त्यात घातक कोड आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले. म्हणून पैशाच्या ब्राउझरमध्ये एकही एक्सटेन्शन नसावे. हा एक नियम पाळला नाही, तर बाकीची विभागणी नुसती सजावट ठरते.

डिफॉल्ट, म्हणजे संगणक आपणहून उघडतो तो, ब्राउझर कोणता, हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. मेल ॲपमध्ये किंवा पीडीएफमध्ये आलेल्या लिंकवर क्लिक केले की ती बहुतेक वेळा डिफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडते. तेव्हा डिफॉल्ट रोजचा ब्राउझर ठेवावा, आणि बँकेचा ब्राउझर हाताने उघडून साठवलेल्या बुकमार्कवरूनच बँकेत जावे. ‘केवायसी अपूर्ण आहे’ म्हणून आलेल्या लिंकने रोजच्या ब्राउझरमध्ये बँकेसारखे पान उघडले, तर जागा चुकल्याचे लगेच ध्यानात येते. अर्थात तिथे पासवर्ड टाकून दिला, तर कोणताच ब्राउझर वाचवू शकत नाही.

ही विभागणी नकळत मोडतेही. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर पहिल्यांदा उघडताना क्रोममधील बुकमार्क, पासवर्ड वगैरे आणू का, असे विचारतो. ‘हो’ म्हटले की दोन्हीकडे तेच सामान. रोजच्या ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड साठवलेले असतील तर तेही पुसायला हवेत.

पद्धतीची खरी मर्यादा संगणकाच्या आत आहे. विंडोजच्या एकाच खात्यात चालणारे सर्व ब्राउझर त्या खात्याच्या हक्काने आपापला डेटा वाचतात, आणि त्याच खात्यात शिरलेला व्हायरसही तो वाचू पाहतो. फुकटात मिळालेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आला, तर तो सगळे ब्राउझर एकामागून एक धुंडाळतो. ज्या घरात मुलांचे गेम आणि वडिलांचे शेअर एकाच संगणकावर चालतात, तिथे दुसऱ्या ब्राउझरपेक्षा दुसरे विंडोज खाते, तेही ॲडमिनचे हक्क नसलेले, अधिक उपयोगाचे.

वेगळे नाव म्हणजे वेगळे इंजिनही (पान उभे करणारा आतला भाग) नव्हे. ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या कोडचा, आधार घेतला. ब्रेव्ह आणि विवाल्डीही त्याच घरचे. क्रोमियममध्ये दोष निघाला की या सर्वांना अपडेट लागते. फायरफॉक्सचे इंजिन वेगळे, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या सामाईक कोडमध्ये निघालेला दोष क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही दुरुस्त करावा लागला. मात्र पर्यायी ब्राउझर हाताशी असण्याचा उपयोग झाल्याचेही उदाहरण आहे: जानेवारी २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधील दोष उघड झाल्यावर, दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा, असा सल्ला जर्मनीच्या सरकारी माहिती-सुरक्षा संस्थेने नागरिकांना दिला होता.

भारतात अनेकांकडे दुसरा ब्राउझर आला तो सुरक्षेपोटी नव्हे, तर नाइलाजाने. डिजिटल सहीची कित्येक सरकारी पोर्टले वर्षानुवर्षे इंटरनेट एक्सप्लोररवरच चालत. विंडोज १० वरील त्याचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. जुन्या पोर्टलांसाठी एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोररसारखा चालणारा ‘आयई मोड’ आहे, तो फक्त त्या पोर्टलापुरताच वापरावा. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यामुळे तिथे कितीही क्रोमियम ब्राउझर बसवले तरी अपडेट न मिळण्याचे मूळ दुखणे राहतेच.

दोन ब्राउझर नको असतील, तर एकाच ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळे कप्पे, करता येतात. त्यांच्या कुकी आणि एक्सटेन्शन वेगळी राहतात. फक्त कोणती खिडकी कोणाची, हे ओळखायला रंग वेगळे द्यावेत. नको झालेला ब्राउझर काढून टाकताना क्रोम ‘ब्राउझिंग डेटाही हटवायचा का’ असे विचारतो. ती चौकट मुळात रिकामी असते. तशीच सोडली तर प्रोग्रॅम जातो, पण प्रोफाइलचा फोल्डर साठवलेल्या पासवर्डसह डिस्कवरच राहतो.